वाचकांचे प्रश्न : शिशाची गोळी ओतताना

गेल्या अंकात ‘बारा बोर’मधला बारा कुठून आला, या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात दिले होते. एक पौंड शुद्ध शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोरची नळी, म्हणजे गोळीचे वजन ३७.८ ग्रॅम, आपल्या जुन्या मापात जवळजवळ सव्वातीन तोळे. एवढ्या एका परिच्छेदावर शिशाविषयी इतकी पत्रे येतील असे संपादकांना वाटले नव्हते आणि मलाही नाही. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. माझे सारे आयुष्य ओतशाळेत गेले. बंदुकीपेक्षा साच्याशी माझी ओळख जुनी आहे, त्यामुळे उत्तरांचा कलही तिकडेच राहील.

प्रश्न : आमच्या आजोबांचा छापखाना बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली, पण माळ्यावर खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) दोन पिशव्या अजून पडून आहेत. माझा भाचा इंग्लंडमध्ये ठासणीच्या रायफलीने नेमबाजी करतो. तो म्हणतो, “मामा, ते शिसे मला द्या, त्याच्या गोळ्या ओततो.” खिळे म्हणजे शिसेच ना?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : खिळ्यात शिसे असते, पण खिळा म्हणजे शिसे नव्हे. नुसत्या शिशाचा खिळा केला असता तर शंभर कागद छापून होईपर्यंत वेलांटी झिजून गेली असती. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळत असत. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे, आणि हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनीचे प्रमाण याहूनही जास्त. छापखान्यात या मिश्रणाचा जो गुण, तोच ठासणीच्या नळीत दोष ठरतो.

याचे कारण गोळी भरण्याच्या पद्धतीत आहे. ठासणीच्या रायफलीत गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. तिच्याभोवती तेल किंवा चरबी लावलेली जाड सुती कापडाची चिंधी गुंडाळून ती तोंडाकडून गजाने खाली ढकलतात. नळीतल्या पीळदार आट्यांची पकड बसते ती या चिंधीवर, आणि चिंधीच गोळीला फिरवते. शिसे मऊ असले म्हणजे चिंधीचे विणकाम गोळीत किंचित रुतते आणि दोन्ही एकजीव होऊन फिरतात. गोळी कडक असली तर भरताना गजावर भलताच जोर द्यावा लागतो आणि पकडही मनासारखी येत नाही. शिवाय मिश्रधातू थंड होताना शुद्ध शिशाइतका आक्रसत नाही, म्हणून त्याच साच्यातून निघालेली खिळ्यांची गोळी केसभर मोठी आणि वजनाला मात्र हलकी भरते.

शिसे शुद्ध आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नखाने ओरखडा उठला पाहिजे, आणि तुकडा शहाबादी फरशीवर टाकला तर ‘बद्द’ असा मेलेला आवाज आला पाहिजे. ‘खण्ण’ असे वाजले तर त्यात अँटिमनी आहे असे समजावे. मोटारीच्या चाकांना लावायच्या वजनांचेही तसेच. त्यांत बहुधा अँटिमनी असते आणि हल्ली कित्येक वजने चक्क जस्ताची असतात, त्यातले एक जरी भांड्यात विरघळले तरी सगळा घाणा बिघडतो. जस्त ४१९.५ अंशांना वितळते, म्हणून भांड्याचे तापमान त्याखाली ठेवून वर तरंगणारे न वितळलेले तुकडे काढून टाकता येतात, हे भाच्याला कळवा. बॅटरीच्या पट्ट्यांना मात्र त्याने हातसुद्धा लावू नये. त्यांत अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असे काय काय असते, आणि वितळवताना वर येणाऱ्या त्यांच्या मळीला नंतर ओल लागली तर जीवघेणा विषारी वायू सुटू शकतो.

राहता राहिले तुमचे खिळे. ते वितळवू नका असे मी सांगेन. शुद्ध शिसे इंग्लंडमध्ये छपराच्या कामासाठी विकत मिळते; माळ्यावरचा ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ मिळणार नाही. शिवाय दोन पिशव्या शिसे विमानाने पाठवण्याच्या भाड्यात भाच्याची दोन वर्षांची नेमबाजी होईल.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून पेनसिल्व्हेनियात आहे. ५० कॅलिबरच्या (अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या) ठासणीच्या रायफलीसाठी ०.४९० इंचांच्या गोळ्या ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततो. शिसे प्रमाणित शुद्ध आहे. तरीही निम्म्या गोळ्यांवर सुरकुत्या पडतात, आणि गुळगुळीत निघालेल्या गोळ्यांची वजनेही १७४ ते १७८ ग्रेनपर्यंत हेलकावे खातात. चूक कुठे होत असावी? (मूळ गाव पुणे, अंक आई पाठवते.)
— एक वाचक

उत्तर : तुम्ही योग्य गावी जाऊन पोहोचला आहात. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या परिसरात अठराव्या शतकात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली आणि तिच्यासाठी शिकारी आपापल्या साच्यात, चुलीशेजारी बसून, गोळ्या ओतत असत. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता, तुमच्याजवळ बहुधा असेल. आधी तो वापरा.

सुरकुत्यांचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, साचा थंड आहे. शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते, पण वितळलेले शिसे आणि ओतण्याजोगे शिसे यांत फरक आहे. शुद्ध शिशासाठी भांडे ४०० अंशांच्या आसपास असू द्या, थोडे वर गेले तरी हरकत नाही. कथील मिसळलेले शिसे साच्याच्या कानाकोपऱ्यात आपण होऊन धावते, शुद्ध शिशाला तसे धावायचे नसते. त्याला साच्याची ऊब लागते. ॲल्युमिनियमचा साचा असल्यामुळे त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरता येईल. शिसे कोपऱ्याला चिकटेनासे झाले म्हणजे साचा तयार झाला. लोखंडी साच्याला हे करू नये, तो भांड्याच्या काठावर ठेवून सावकाश तापवावा. यानंतरही पहिल्या दहा-पंधरा गोळ्या पुन्हा भांड्यातच जाणार हे धरून चालावे. पहिला घावन तव्याला चिकटतो म्हणून कोणी पीठ फेकून देत नाही, तसेच हे आहे. उलट, गोळीवर दंव पडल्यासारखा पांढुरका खरखरीतपणा दिसू लागला तर साचा जास्त तापला आहे. मग ओतण्याचा वेग थोडा कमी करावा.

वजनाचा प्रश्न अधिक रंजक आहे, आणि तो तुम्ही विचारला म्हणून तुमचे हात चांगले आहेत असे मी समजतो. हिशेब करून पाहू. ०.४९० इंच म्हणजे १२.४५ मिलिमीटर. या व्यासाच्या गोळीचे घनफळ एक घन सेंटिमीटरपेक्षा जेमतेम जास्त भरते, आणि शिशाची घनता ११.३४ असल्याने वजन सुमारे ११.४५ ग्रॅम, म्हणजे १७७ ग्रेन येते. (एक तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तुमची गोळी तोळ्याला गुंजभर-दोन गुंजा कमी.) तेव्हा १७७ हे बरोबर वजन, १७८ म्हणजे साच्याच्या दोन फाका मिटताना मध्ये शिशाचा कण अडकला असावा, आणि १७४ म्हणजे आत पोकळी आहे. तीन ग्रेन म्हणजे फार नव्हे असे वाटते, पण तेवढ्या वजनाची पोकळी गोल धरली तर तिचा व्यास तीन मिलिमीटरांहून जास्त येतो, म्हणजे गोळीच्या पोटात बाजरीच्या दाण्याएवढे भोक. ते भोक मधोमध क्वचितच असते. बाजूला असले म्हणजे गुरुत्वमध्य सरकतो, आणि आट्यांमुळे वेगाने फिरणारी गोळी भवऱ्यासारखी डगमगत जाते. बाहेरून ती इतरांपेक्षाही देखणी दिसू शकते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक गोळी तोला.

ही पोकळी येते कशी? शिसे घट्ट होताना घनफळाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास आक्रसते. गोळीची बाहेरची साल आधी गोठते, आतले शिसे नंतर, आणि आक्रसताना त्याला वरून आणखी शिसे मिळाले नाही तर ते आपल्याच पोटात खड्डा पाडते. हे ‘वरून मिळणे’ म्हणजे साच्याच्या माथ्यावर ओतायचे भोक असलेली जी फिरती पट्टी असते, तिच्यावर राहणारे डबके. ओतशाळेत मोठ्या बिडाच्या ओतकामावर आम्ही रायझर, म्हणजे वरून पुरवठा करणारा जादा धातूचा साठा, ठेवतो तो याचसाठी. तेव्हा कंजुषी न करता, एका धारेत, मध्ये न थांबता ओता, आणि भोक भरल्यावरही पट्टीवर चांगले रुपयाएवढे डबके साचू द्या. ते चकाकते तोवर द्रव असते. चकाकी जाऊन पृष्ठभाग क्षणात मळकट होतो, तो क्षण पाहायला शिका. त्यानंतर मनात चार-पाच अंक मोजा आणि मगच पट्टी फिरवून भोकात गोठलेला शिशाचा देठ कापा. घाईने कापला तर देठ तुटण्याऐवजी ओढला जातो आणि गोळीच्या माथ्यावर खळगा पडतो.

गोळी अडकली तर साच्याच्या फाकांवर ठोकू नये, बिजागरीच्या खिळीवर लाकडी दांड्याने हलके टिचकावे. गोळी जुन्या टॉवेलच्या घडीवर पडू द्यावी, कारण गरम शिसे लोण्यासारखे असते आणि फरशीवर पडलेली गोळी गोल राहत नाही. भांड्यातल्या शिशावर अधूनमधून वाटाण्याएवढे मेण टाकून ढवळावे, म्हणजे मळी वर येते आणि पळीने काढता येते. मेणाचा धूर निघतो व तो पेट घेतो. आपण होऊन काडी लावली तर दचकायला होत नाही. नेमबाजीच्या वेळी देठाची खूण वर, नळीच्या तोंडाकडे आणि मधोमध ठेवून गोळी भरावी. थोडी असमानता असलीच तर ती फिरण्याच्या आसावर येते आणि उपद्रव देत नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. भोसरीतल्या एका ओतशाळेत मी नवा असताना, पावसाळ्यातल्या एका सकाळी, दाराशी रात्रभर पडलेली शिशाची लगड मी कोरडी आहे असे समजून भांड्यात सोडली. तिच्या खालच्या खाचेत चमचाभर पाणी असेल. पाणी शिशाखाली गेले, त्याची वाफ झाली, आणि अर्धे भांडे छपरापर्यंत उडाले. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. चेहरा वाचला तो केवळ मी मागे वळून कोणाशी तरी बोलत होतो म्हणून. तेव्हा नवी लगड आधी भांड्याच्या काठावर तापवून मगच आत सोडावी, पाण्याची बाटली त्या टेबलापासून लांब ठेवावी, आणि चेहऱ्यावर ढाल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चामडी हातमोजे व बंद बूट असल्याखेरीज भांडे पेटवू नये. चप्पल घालून शिसे ओतणारे मी पाहिले आहेत. दुसऱ्यांदा कोणी ओतत नाही.

प्रश्न : माझी मुलगी ओहायोत असते आणि तिला पाचवा महिना आहे. जावई सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये गोळ्या ओततात, आणि थंडी वाढली की स्वयंपाकघरातल्या शेगडीवरसुद्धा. ते म्हणतात, पंखा चालू असतो, काळजी नको. जावयांना सासूने काय सांगावे? तुम्हीच लिहा, मी कात्रण पाठवते.
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : ताई, कात्रण जरूर पाठवा, आणि वाईटपणा माझ्याकडे येऊ द्या.

जावईबापू, आपण पंख्यावर भरवसा ठेवला आहे, कारण धोका धुरात आहे असे आपल्याला वाटते. शिसे १७४९ अंशांना उकळते, त्यामुळे ४०० अंशांच्या भांड्यातून त्याची वाफ फारच थोडी निघते, हे खरेच आहे. खरा धोका वाफेचा नाही, भुकटीचा आहे. भांड्यावरची राखाडी मळी, साच्याभोवती सांडणारी पूड, जुन्या गोळ्यांवर चढणारा पांढरा थर हे सगळे बोटांना, बाह्यांना, बुटांच्या तळांना लागते आणि पंखा ते गोळा करत नाही, पसरवतो. तेथून ते पोळीच्या डब्यात जाते. स्वयंपाकघरातली शेगडी तर आजच बंद व्हावी. ज्या पळीने, ज्या भांड्यात एकदा शिसे वितळले ते पुन्हा अन्नाला लागता कामा नये, कितीही घासले तरी.

रक्तातल्या शिशाची अमुक पातळी निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. शिसे वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत जाते. शरीर त्याला कॅल्शियमच्या जागी घेते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठवते, व गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम जेव्हा बाळासाठी बाहेर येते तेव्हा जुने शिसेही त्याच्याबरोबर बाहेर पडते. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना घरात शिशाचे काम होते हे स्पष्ट सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि आपलीही करावी. पुढे बाळ रांगू लागेल तेव्हा त्याचा हात गॅरेजच्या दारातल्या पायपुसण्यावरून थेट तोंडात जाईल. अमेरिकेत लहान मुलांच्या रक्तासाठी २०२१ पासून जी संदर्भपातळी धरतात ती एका डेसीलिटरमध्ये अवघे ३.५ मायक्रोग्रॅम इतकी आहे.

माझे मत विचाराल तर बाळ मोठे होईपर्यंत घरी ओतकाम बंद ठेवावे. अमेरिकेत तयार गोळ्या डब्यात मिळतात, आणि छंद त्याने बुडत नाही. गॅरेजची जमीन व टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके फेकून द्यावे. ओतकामाचे कपडे आणि बूट घरात आणू नयेत, कपडे वेगळे धुवावेत. पुढे कधी पुन्हा सुरू केलेत तर घराबाहेर, उघड्यावर, तेथे काही न खाता-पिता, आणि घरात शिरण्यापूर्वी हात, तोंड साबणाने धुऊन.

प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. परवाना काकांच्या नावे आहे, मी पुण्यात असतो. गावी गेल्यावर मी तिच्यासाठी शिशाच्या गोळ्या ओतल्या तर चालेल का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : परवाना काकांचा आहे, तुमचा नाही, येथूनच उत्तर सुरू होते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. दारूगोळ्याची त्यातली व्याख्या ऐसपैस आहे. तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि ते तयार करण्याची साधनेही येतात. ‘पूर्वीपासून सगळेच करतात’ हे उत्तर पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही. काकांनी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत पळी खाली ठेवावी. रानडुकरावर गोळी झाडण्याचा प्रश्न तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतो, तो आणखी वेगळा.

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात अडकित्त्यासारखी एक लोखंडी वस्तू घेतली. दोन दांडे, एक बिजागरी, पुढे दोन जाड गोल फाका, आणि फाकांच्या आत वाटीसारखे अर्धे-अर्धे खळगे. विकणारा म्हणाला, सुपारी गोल कातरायचा अडकित्ता आहे. बाजूला ‘१६’ असा इंग्रजी आकडा ठोकला आहे. हे १८१६ साल असेल का?
— एक वाचिका, नारायण पेठ

उत्तर : विकणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला दाद दिली पाहिजे, पण सुपारी गोल कातरून कोणी खात असल्याचे मी ऐकले नाही. आपण गोळीचा साचा घेतला आहे. दोन्ही फाका मिटल्यावर वर एक लहान भोक दिसेल, त्यातून शिसे ओतत. आता दांड्यांच्या मध्ये, बिजागरीजवळ पाहा. तेथे खरोखरच अडकित्त्यासारखी धारदार जागा असावी. ती सुपारीसाठी नव्हे, गोळीला राहिलेला शिशाचा देठ कातरण्यासाठी. अडकित्त्याशी असलेले साम्य एवढ्यापुरते खरे आहे. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे, तो एकदा पाहून आलात तर खऱ्या अडकित्त्याचे पाते आणि आपल्या साच्याचे तोंड यांतला फरक चटकन लक्षात येईल.

‘१६’ हे साल नव्हे. इंग्लिश साच्यांवर असा बोरचा आकडा ठोकण्याची रीत होती. एक पौंड शिशाच्या सोळा गोळ्या, म्हणजे प्रत्येक गोळी एका औंसाची, २८.३५ ग्रॅमची, आपल्या भाषेत दोन तोळे आणि वर पाच मासे. हे पडताळायचे असेल तर शिसे वितळवू नका. घट्ट मळलेल्या कणकेची गोळी तेल लावून खळग्यात दाबा, फाका मिटा, आणि बाहेर काढून व्हर्नियरने तिचा व्यास मोजा. तो १६.८ मिलिमीटरांच्या आसपास आला तर आकडा आणि साचा एकमेकांशी खरे बोलत आहेत. खळग्याला पॉलिश पेपर लावू नका, कारण आतला प्रत्येक घासलेला थर हे माप बिघडवतो. गंजावर पातळ तेल लावून दोन दिवस ठेवा आणि मऊ फडक्याने पुसा. आत कुठे पांढरट भुकटी दिसली तर ती जुन्या शिशाची आहे, तेव्हा ओल्या फडक्याने टिपा, हात धुवा, आणि ती कणीक कोणाला खाऊ घालू नका.